नैराश्यावर वनस्पतींचे अर्क : प्रयोगशाळेत नेमके काय तपासतात?

बीडहून मांजरसुंब्याकडे निघाले की बिंदुसरा प्रकल्पाजवळ पाली गाव लागते. पुढे बालाघाटचे डोंगर, मुरमाड आणि हलकी जमीन, बेभरवशाचा पाऊस. या पट्ट्यात बांधावर, पडीक रानात अश्वगंधा आपोआप उगवते. माळावर विष्णुक्रांतेची निळी फुले दिसतात. त्यामुळे ‘अश्वगंधेचा अर्क नैराश्यावर गुणकारी, संशोधनात सिद्ध’ अशी बातमी मोबाईलवर आली की शेतकरी बंधूंचे दोन प्रश्न लगेच येतात. पहिला, हे पीक लावावे का? दुसरा प्रश्न सहसा सगळे उठून गेल्यावर, हळू आवाजात येतो : घरात एक माणूस सहा महिन्यांपासून गप्प गप्प आहे, रात्री झोपत नाही, त्याला हा पाला-मुळीचा काढा दिला तर चालेल का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. ‘संशोधनात सिद्ध’ म्हणजे नक्की कुठल्या पायरीपर्यंत सिद्ध, हे आधी पाहावे लागते. त्यासाठी प्रयोगशाळेत वनस्पतीचे काय केले जाते ते समजून घेऊ.

सुरुवात ओळख पटवण्यापासून

संशोधक बाजारातून मुळ्या आणून थेट कामाला लागत नाहीत. फुलाफळांसह पूर्ण झाड गोळा करून, दाबून वाळवून त्याचा नमुना वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळखून घेतात. आपल्या राज्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पुण्यातील केंद्र किंवा विद्यापीठांचे वनस्पतिशास्त्र विभाग हे काम करतात. त्या नमुन्याला क्रमांक मिळतो आणि तो जपून ठेवला जातो.

हा सोपस्कार वाटतो, पण गोंधळ इथेच सर्वाधिक होतो. महाराष्ट्रात बरेच जण ‘ब्राह्मी’ म्हणतात ती प्रत्यक्षात मंडूकपर्णी असते, म्हणजे बेडकाच्या पायासारख्या गोल पानांची. शास्त्रीय लेखातील ब्राह्मी मात्र बहुतेक वेळा नीरब्राह्मी असते : पाणथळ जागेतली, जाडसर लहान पानांची. दोन्हींची कुळे वेगळी आणि घटकही वेगळे. शंखपुष्पीचे तर विचारूच नका. कुणी पांढऱ्या फुलाच्या वेलीला शंखपुष्पी म्हणतो, कुणी विष्णुक्रांतेला, कुणी गोकर्णाला. एकीवर झालेला प्रयोग दुसरीला लागू होत नाही. लागवडीचा विचार करणाऱ्याने रोपे किंवा बियाणे घेताना शास्त्रीय नाव बिलावर लिहून घ्यावे, ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतो, कारण काढणीनंतर खरेदीदाराने ‘ही ती नव्हे’ म्हटल्यावर उपाय राहत नाही.

अर्क कसा निघतो

मुळी, पान किंवा पंचांग सावलीत वाळवून त्याची भरड करतात. ती पाण्यात उकळली तर काढा होतो, अल्कोहोल किंवा मिथेनॉलमध्ये फिरवली तर त्यात वेगळे घटक उतरतात. चहाची पूड पाण्यात आणि दुधात टाकल्यावर उतारा वेगवेगळा पडतो, तसेच हे. नंतर द्रावक उडवून देतात आणि तळाशी चिकट, गडद सत्त्व उरते. शंभर ग्रॅम मुळीतून साधारण दहा ग्रॅम सत्त्व मिळाले तर उतारा दहा टक्के.

या सत्त्वात काय काय आहे हे रासायनिक चाचण्यांनी पाहतात. अश्वगंधेत विथॅनोलाइड्स, नीरब्राह्मीत बॅकोसाइड्स, हळदीत करक्युमिन अशी प्रत्येकीची खूणगाठ असते. या घटकाचे प्रमाण मोजले नसेल तर त्या अर्काचा प्रयोग दुसऱ्याला पुन्हा करता येत नाही. एका शेतातली मुळी आणि दुसऱ्या शेतातली मुळी यांत दुपटीचाही फरक असू शकतो : वाण, काढणीचे वय, जमीन, वाळवण्याची पद्धत या सगळ्यांचा तो परिणाम असतो.

उंदराला पाण्यात का सोडतात?

उंदराला ‘तुला उदास वाटते का’ असे विचारता येत नाही. म्हणून त्याच्या वागण्यावरून अंदाज करतात. सगळ्यात जास्त वापरली गेलेली चाचणी पोर्सोल्ट या शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडली. काचेच्या उभ्या भांड्यात पाणी भरून उंदराला सहा मिनिटे सोडतात. सुरुवातीला तो बाहेर पडायची धडपड करतो, मग धडपड सोडून फक्त नाक वर ठेवून तरंगतो. शेवटच्या चार मिनिटांत तो किती सेकंद असा स्वस्थ राहिला हे मोजतात. नैराश्यावरचे माहीत असलेले औषध दिलेला उंदीर जास्त वेळ धडपडतो. अर्क दिलेल्या उंदरानेही तसेच केले तर अर्कात काहीतरी असावे असे धरतात. दुसऱ्या चाचणीत उंदराला शेपटीने उलटे टांगून हेच मोजतात.

प्रयोगात सहसा पाच-सहा गट असतात आणि प्रत्येक गटात सहा ते दहा उंदीर. एका गटाला नुसते पाणी, एकाला इमिप्रॅमीन किंवा फ्लुओक्सेटीनसारखे औषध, बाकीच्यांना अर्काच्या कमी-मध्यम-जास्त मात्रा. त्याआधी अर्क विषारी आहे का ते पाहिलेले असते. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते. सेकंद मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे माहीत नसावे. ही अट पाळली आहे की नाही, हे लेखात आवर्जून शोधावे.

आता यातली खोच. चहा-कॉफीतले कॅफीन दिले तरी उंदीर जास्त पळतो. म्हणून त्याची नुसती हालचाल वाढली आहे का, हे वेगळ्या चाचणीत तपासावे लागते. ते तपासले नसेल तर निष्कर्ष लंगडा. आणि शेतमालाशी थेट जोडलेली गोष्ट : मुळीत कीटकनाशकाचा अंश असेल तर क्लोरपायरीफॉससारखी औषधे मज्जातंतूंवरच काम करतात. उंदीर मुळीमुळे बदलला की फवारणीमुळे, हे कसे कळणार? चांगल्या प्रयोगशाळा म्हणूनच अंश तपासणी केलेला माल मागतात.

आणखी एक अडचण आहे. माणसाला नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पाण्यातला उंदीर मात्र एका मात्रेत ‘बरा’ होतो. म्हणजे चाचणी नैराश्य मोजते की आणखी काही, यावर शास्त्रज्ञांतच वाद आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २०२४ मध्ये कायदा करून ही पाण्याची चाचणी बंदच केली. त्यापेक्षा बरी पद्धत म्हणजे उंदरांना काही आठवडे लहानसहान त्रास देणे : पिंजरा तिरका ठेवणे, अंथरूण ओले करणे, रात्री दिवा चालू ठेवणे. मग साधे पाणी आणि साखरेचे पाणी समोर ठेवतात. निरोगी उंदीर साखरेच्या पाण्याकडे जातो, तणावातला उंदीर जात नाही. त्याला गोडाचेही काही वाटेनासे होते. ज्याने घरात असा माणूस पाहिला आहे त्याला ही खूण वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ही पद्धत वेळखाऊ आणि खर्चिक, त्यामुळे लहान महाविद्यालयांतले प्रयोग बहुधा पाण्याच्या भांड्यावरच थांबतात.

उंदराची मात्रा माणसाला किती?

समजा उंदरात किलोमागे २०० मिलिग्रॅम अर्काने गुण दिसला. ६० किलोच्या माणसाला १२ ग्रॅम अर्क लागेल, असा सरळ गुणाकार चुकीचा. उंदराचे शरीर औषध लवकर संपवते. प्रचलित हिशेबाने उंदराची मात्रा सुमारे बाराने भागतात. म्हणजे माणसाला किलोमागे १६ मिलिग्रॅम, ६० किलोला साधारण एक ग्रॅम अर्क. उतारा दहा टक्के धरला तर रोज दहा ग्रॅम सुकी मुळी. हा हिशेबही फक्त पहिली चाचणी कुठून सुरू करावी यासाठीच असतो, घरी चमच्याने मोजून घेण्यासाठी नाही.

हळदीचे उदाहरण

मराठवाड्याला जवळचे म्हणून हळदीचे घेऊ. हळदीतील करक्युमिनने उंदरांच्या चाचण्यांत गुण दाखवल्यावर गुजरातमधील भावनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी नैराश्याच्या ६० रुग्णांवर सहा आठवड्यांची चाचणी घेतली. ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला फ्लुओक्सेटीन २० मिलिग्रॅम, दुसऱ्याला रोज १००० मिलिग्रॅम करक्युमिन, तिसऱ्याला दोन्ही. गुण आलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६४.७, ६२.५ आणि ७७.८ टक्के निघाले.

आकडे उत्साह वाढवणारे आहेत, पण नीट वाचा. तीन गटांतला फरक सांख्यिकीदृष्ट्या ठरण्याइतका नव्हता. प्रत्येक गटात जेमतेम वीस माणसे. आणि नुसती पिठाची गोळी दिलेला गट नव्हता. नैराश्याच्या चाचण्यांमध्ये औषध नसलेल्या गोळीवरही तीस ते चाळीस टक्के रुग्णांना बरे वाटते : कुणीतरी विचारपूस करते, दर आठवड्याला डॉक्टर भेटतात, याचाही गुण येतोच. तो वजा केल्याशिवाय हळदीचा वाटा किती हे कळत नाही.

शिवाय १००० मिलिग्रॅम करक्युमिन म्हणजे किती हळद? बाजारातल्या हळदीत ते साधारण दोन ते पाच टक्के असते. चार टक्के धरले तर रोज २५ ग्रॅम पूड. हळदीच्या दुधात आपण टाकतो तीन ग्रॅमच्या आसपास. आणि पोटात गेलेले करक्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील १९९८ च्या अभ्यासात मिरीतील पिपरीन सोबत दिल्यावर माणसाच्या रक्तातले त्याचे प्रमाण वीस पटींनी वाढलेले दिसले. म्हणून कंपन्या खास प्रक्रिया केलेले करक्युमिन वापरतात. दुधातली हळद प्यावी, चांगलीच आहे, पण भावनगरच्या चाचणीचा दाखला तिला लावू नये.

अश्वगंधा कुठवर पोचली?

अश्वगंधेवर काम बरेच झाले आहे. बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी २००० मध्ये तिच्या मुळीतील घटकांचा उंदरांवरील चिंता व नैराश्याच्या चाचण्यांतील परिणाम मांडला. माणसांवरच्या चाचण्या मात्र प्रामुख्याने ताण आणि झोपेच्या आहेत. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांचा २०१९ चा अभ्यास घ्या. निद्रानाशाच्या ६० रुग्णांपैकी काहींना ३०० मिलिग्रॅम मुळीचा अर्क दिवसातून दोनदा, काहींना नुसती गोळी, असे दहा आठवडे. अर्क घेणाऱ्यांची झोप आणि चिंता जास्त सुधारली. झोप सुधारणे ही छोटी गोष्ट नाही. पण निद्रानाश म्हणजे नैराश्य नव्हे, आणि बातमीत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. अशा कितीतरी चाचण्यांना अर्क बनवणाऱ्या कंपन्यांचे साहाय्य असते, हेही ध्यानात ठेवावे.

धोकेही आहेत. अश्वगंधेच्या गोळ्यांनंतर काविळीसह यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. थायरॉईडच्या औषधांवर असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी ती डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. पानांबद्दल २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने कंपन्यांना सूचना दिली की मुळीच वापरावी, पाने वापरू नयेत. काढणीनंतर ‘पाल्यालाही भाव देतो’ म्हणणारा भेटला तर हे आठवावे.

सर्पगंधेने शिकवलेले

वनस्पतीतून मनाच्या औषधाकडे जाण्याचा सर्वात मोठा धडा मुंबईतूनच गेला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेमुळे उच्च रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये दाखवून दिले. या कामासाठी त्यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. १९५२ मध्ये सर्पगंधेच्या मुळीतून रेसर्पिन वेगळे झाले आणि जगभर वापरले जाऊ लागले. मग काही रुग्ण ते घेताना उदास होऊ लागल्याच्या नोंदी आल्या. प्राण्यांमध्ये पाहिले तर रेसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिनसारख्या रसायनांचा साठा रिकामा होत होता. ही रसायने कमी होणे आणि नैराश्य यांचा संबंध असावा, ही कल्पना बऱ्याच अंशी इथून पुढे आली. आजच्या अनेक गोळ्या याच कल्पनेवर उभ्या आहेत. रेसर्पिनने खरोखर किती जणांना नैराश्य आले यावर पुढे मतभेद झाले, पण मुद्दा राहतोच : एकच मुळी रक्तदाब उतरवते आणि मनही बिघडवू शकते. ‘वनस्पतीचे आहे, अपाय होणार नाही’ असे म्हणणाऱ्याला सर्पगंधेचे नाव सांगावे.

परदेशात सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचे असेच आहे. २००८ मध्ये २९ चाचण्यांतील सुमारे साडेपाच हजार रुग्णांची माहिती एकत्र पाहिली गेली. नैराश्यात ती नुसत्या गोळीपेक्षा सरस आणि नेहमीच्या औषधांच्या तोडीची ठरली. वनस्पतींमध्ये सर्वांत भक्कम पुरावा तिचाच. पण ती यकृताला इतर औषधे लवकर संपवायला लावते. गर्भनिरोधक गोळ्या, एचआयव्हीची काही औषधे, अवयव बदललेल्या रुग्णाची औषधे तिच्यामुळे निकामी होऊ शकतात. ती हिमालयाच्या थंड पट्ट्यातली वनस्पती, आपल्या माळावर तिचे बियाणे कुणी विकत असेल तर वाटेला जाऊ नका.

मग लागवड करावी का?

अश्वगंधा हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत आणि कमी पाण्यात येते, हे खरे. जोराचा पाऊस ओसरल्यावर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये पेरणी, फेकून पेरल्यास एकरी ४ ते ५ किलो बियाणे, मग विरळणी. पाणी साचले की रोपे कुजतात, भारी काळ्या जमिनीत हीच मुख्य अडचण. १५० ते १८० दिवसांत पाने पिवळी पडतात, फळे लाल होतात, तेव्हा मुळ्या काढायच्या. जवाहर असगंध-२० आणि १३४ हे मध्य प्रदेशातील वाण, पोशिता हा लखनौच्या सीमॅप संस्थेचा. एकरी दीड-दोन क्विंटल सुकी मुळी मिळाली तर पीक साधले म्हणायचे.

मात्र या पिकाचा मोठा बाजार नीमच-मंदसौर भागात आहे. तिथे भाव मुळीच्या जाडी-लांबीवर आणि शुभ्रतेवर ठरतो, नैराश्यावरच्या संशोधनावर नाही. ‘औषध कंपनीला नैराश्याच्या गोळीसाठी हवी आहे, बियाणे आमच्याकडूनच घ्या, दुप्पट भावाने परत घेऊ’ असा करार घेऊन कुणी दारात आला तर तीन गोष्टी विचारा. खरेदीचा भाव आणि किमान प्रत लेखी देणार का? माल कोणत्या प्रयोगशाळेत आणि कुणाच्या खर्चाने तपासणार? बियाण्याचे पैसे आधी का? तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही तर पेरणी अर्ध्या एकरापुरती ठेवावी किंवा टाळावी.

खरेच अर्क करणाऱ्या कंपनीला माल द्यायचा असेल तर तपासणीत काय पाहतात ते माहीत असावे. विथॅनोलाइड्सचे प्रमाण, ओलावा, कीडनाशकांचे अंश, बुरशी आणि जड धातू. आयुर्वेदिक औषधसंहितेनुसार शिशाची मर्यादा दहा लाख भागांत १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३. महामार्गालगतच्या पट्टीतली, कारखान्याच्या सांडपाण्यावरची मुळी इथे अडकू शकते. लागवडीची नोंद ई-पीक पाहणीतून सातबाऱ्यावर करून घ्यावी, म्हणजे माल रानातून ओरबाडलेला नाही हे दाखवता येते.

आणि स्वतःच अर्क काढून ‘नैराश्यावर गुणकारी’ चिठ्ठी लावून विकण्याचा विचार असेल तर थांबा. औषध म्हणून विक्रीला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० खाली परवाना लागतो. २०१५ पासून वनस्पतीच्या प्रमाणित अर्काला ‘फायटोफार्मास्युटिकल’ म्हणून मान्यतेची वेगळी वाट आहे. त्यात किमान चार घटकांचे प्रमाण ठरवून दाखवावे लागते आणि सुरक्षितता व रुग्णांवरील चाचण्यांची माहिती द्यावी लागते. हे बचत गटाच्या आवाक्यातले काम नाही. गटाने स्वच्छ, प्रतवारी केलेली सुकी मुळी विकावी. माहितीसाठी अंबाजोगाई किंवा खामगाव (ता. गेवराई) येथील कृषी विज्ञान केंद्र, आणि झाडे प्रत्यक्ष पाहायची असतील तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठातील नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान.

दुसरा प्रश्न

राहिला हळू आवाजातला प्रश्न. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले की दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य येते आणि अशा शंभरांपैकी सुमारे ८५ जण उपचाराविना राहतात. आपल्या जिल्ह्यात कर्ज, नापिकी, लग्नाचा खर्च हे विषय निघतात, पण ‘मन आजारी आहे’ हे वाक्य निघत नाही. त्यामुळे अर्क, काढा, पावडर हा आडवळणाचा रस्ता बरा वाटतो, कारण त्यात कुणाला सांगावे लागत नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, शेतात-माणसांत मन लागेना, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असे बोलणे येऊ लागले, तर काढ्याची वाट पाहू नका. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. बीडच्या जिल्हा रुग्णालयात आणि शासनाच्या प्रेरणा प्रकल्पातून शेतकऱ्यांसाठी समुपदेशन आहे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतून चालतो. गोळ्या आधीच चालू असतील तर अश्वगंधा घेतली म्हणून त्या बंद करू नयेत. दोन्ही सोबत घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना पाकीट दाखवून विचारावे. माणूस जीव देण्याची भाषा बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नये आणि घरातले कीटकनाशकाचे डबे त्याच दिवशी कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवावेत. कृषी सहायकांनी गावभेटीत फवारणीची चर्चा निघाली की ही गोष्टही सांगावी, तिला वेगळी बैठक लागत नाही.